टो पोल वारंवार सैल होत असेल तर: वॉटर स्कीच्या खांबाचे निदान, निवड आणि बसवणी

मालवण-तारकर्लीपासून गोव्यातील कळंगुट-बागापर्यंत जलक्रीडेसाठी वापरल्या जाणाऱ्या पुष्कळशा बोटी उघड्या, फायबरच्या आणि आउटबोर्ड (मागे बाहेरच्या बाजूला टांगलेल्या) इंजिनाच्या असतात. खास वॉटर स्कीसाठी बांधलेल्या बोटीत टो पोल, म्हणजे स्कीपटूला ओढणारा दोर बांधण्याचा खांब, कारखान्यातच तळाच्या सांगाड्याशी जोडून येतो. आपल्याकडच्या बोटींवर मात्र तो नंतर, उपलब्ध जागा पाहून बसवला जातो, आणि तेथूनच ही तक्रार सुरू होते. हंगामाच्या सुरुवातीला खांब घट्ट असतो, काही दिवसांत तो किंचित हलू लागतो, नट आवळले की तात्पुरता स्थिर होतो आणि पुन्हा हलू लागतो. पुढच्या प्रत्येक वेळी नट थोडा जास्त फिरतो. काही महिन्यांनी बैठकीच्या प्लेटभोवती बारीक भेगा दिसू लागतात आणि पावसानंतर त्यांतून तपकिरी पाणी झिरपते.

या स्थितीत पाना हातात घेणे ही सर्वांत शेवटची गोष्ट असावी, असे माझे स्पष्ट मत आहे. सैल झालेला नट हे लक्षण आहे. बोल्टाखालचे फायबर चेपले जात असेल, तर नट आवळण्याच्या प्रत्येक खेपेला आपण ते आणखी चेपत असतो आणि दोष वाढवत असतो. म्हणून आधी हालचाल नेमकी कोठे होते ते शोधावे आणि मगच काय करायचे ते ठरवावे.

शोधण्याची पद्धत सोपी आहे, पण तिला दोन माणसे लागतात. बोट ट्रेलरवर किंवा वाळूवर भक्कम टेकवून ठेवावी. एकाने खांबाचा माथा धरून तो सावकाश पुढे-मागे आणि नंतर डाव्या-उजव्या बाजूला ढकलावा. दुसऱ्याने बोटाचे टोक दोन भागांच्या सांध्यावर, अर्धे एका भागावर आणि अर्धे दुसऱ्यावर, असे ठेवावे. प्रथम खांब आणि त्याचा सॉकेट यांच्या सांध्यावर, मग सॉकेट आणि प्लेट यांच्यामधल्या वेल्डिंगवर, मग प्लेट आणि फ्लोअर यांच्या कडेवर असे खाली खाली जात राहावे. डोळ्यांना न दिसणारी अर्ध्या मिलिमीटरची सरकही बोटाला कळते. प्लेट आणि फ्लोअर एकत्रच हलत असतील, तर फ्लोअरच अशक्त आहे आणि बोल्टांशी झटत बसण्यात अर्थ नाही.

प्लेट फ्लोअरपासून सुटी हलत असेल, तर आणखी एक खूण करून पाहावी. नट सर्वत्र सारखे घट्ट करावेत आणि प्रत्येक नटावरून वायसरवर व तेथून प्लेटवर उतरणारी रंगाची एक सरळ रेघ ओढावी. बोट नेहमीसारखी वापरावी. खांब पुन्हा सैल झाला आणि रेघ नटापाशी तुटलेली दिसली, तर नट खरोखरच फिरला आहे. रेघ अखंड आहे आणि तरीही प्लेट हलते, तर नट जागेवरच आहे आणि फ्लोअरच्या वरच्या आणि खालच्या प्लेटांच्या मधला थर दबून पातळ झाला आहे. पहिला दोष एका दुपारी दूर होतो. दुसऱ्यासाठी फ्लोअर उघडावा लागतो. माझ्या अनुभवात वारंवार उलटणारी तक्रार बहुधा दुसऱ्या प्रकारची निघते.

खांबाच्या बुडाशी किती ताण येतो

हा थर का दबतो ते समजण्यासाठी थोडा हिशेब करावा लागतो. दोर खांबाच्या माथ्याशी मागे ओढतो आणि बोल्ट मात्र पायथ्याशी असतात. त्यामुळे संपूर्ण खांब पहारीसारखा काम करतो. दोराची ओढ २०० किलो आणि माथ्याची उंची १ मीटर धरली, आणि प्लेटवरील पुढच्या-मागच्या बोल्टांमध्ये २० सेंटिमीटर अंतर असले, तर पुढच्या बोल्टांना वर उचलणारा ताण सुमारे १,००० किलो होतो. तीच ओढ २ मीटर उंचीवर आली की तो २,००० किलो होतो. खांब मागे झुकू पाहतो, म्हणून पुढचे बोल्ट वर खेचले जातात आणि प्लेटची मागची कड फ्लोअरमध्ये रुतते. पुढच्या बोल्टांभोवती चांदणीसारख्या फुटलेल्या भेगा आणि मागच्या कडेखाली खोलगट खूण अशी जोडी दिसली, तर या पहारीनेच फ्लोअर थकवला आहे हे नक्की समजावे.

ओढ केवळ मागे असते, असेही नाही. स्लॅलम (बोयांभोवती नागमोडी वळत जाण्याच्या) स्पर्धेतील बोया बोटीच्या मध्यरेषेपासून ११.५ मीटर अंतरावर असतात. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत दोराची सुरुवातीची लांबी १८.२५ मीटर असते आणि ती टप्प्याटप्प्याने कमी करत ९.७५ मीटरपर्यंत व त्याच्याही खाली नेली जाते. म्हणजे शेवटी दोर बोयाच्या अंतरापेक्षा आखूड होतो आणि स्कीपटू जवळजवळ बोटीच्या बाजूला येऊन अंग झोकत बोया गाठतो. आपल्या किनाऱ्यावर कोणी इतक्या आखूड दोरावर खेळत नसले, तरी लाटेच्या बाहेर जाऊन जोरात परतणारा साधा स्कीपटूही खांबाला तिरपा ओढत असतो. फक्त पुढे-मागे आधार दिलेला खांब या आडव्या ओढीने डुलतो आणि बोल्टांची भोके लांबट होत जातात.

फ्लोअर दबला असेल तर

फायबरचा फ्लोअर बहुधा तीन थरांचा असतो: वर आणि खाली काच-कापड व रेझिन, मध्ये प्लायवूड किंवा फोम. बोल्ट आवळला की दोन्ही कातडी एकमेकांकडे ओढल्या जातात. मधला थर कोरडे, निरोगी प्लायवूड असेल तर तो हा दाब सोसतो. फोम असेल तर तो आवळतानाच चेपतो. प्लायवूड ओले असेल तर ते हळूहळू कुजते, आणि ओले होण्याचा मार्ग आपणच बोल्टाच्या भोकातून उघडलेला असतो. खांब हलला की सीलंटची पकड सुटते, खारे पाणी आत जाते, लाकूड मऊ पडते आणि खांब आणखी हलतो. हे चक्र नट आवळून थांबत नाही.

खात्री करण्यासाठी प्लॅस्टिकच्या मुठीच्या पेचकसाने प्लेटभोवती हलकेच ठोकत जावे. निरोगी जागी खणखणीत आवाज येतो, कुजलेल्या जागी तो बोदा होतो. आवाजावर पूर्ण विसंबू नये. खांब काढून प्लेटच्या ठशाच्या आत ३ मिलिमीटरचे एक भोक फक्त वरच्या कातडीतून आणि लाकडातून पाडावे. भुसा फिकट व कोरडा निघाला तर लाकूड चांगले आहे. काळपट, ओलसर, चिकट निघाला तर बाहेरच्या बाजूला ५-५ सेंटिमीटर सरकत कोरडा भुसा मिळेपर्यंत तपासत जावे. दुरुस्तीची हद्द तेथे ठरते.

ड्रिल चालवण्यापूर्वी फ्लोअरखाली काय आहे ते निश्चित ठाऊक असले पाहिजे, आणि यात कोणतीही सवलत नसावी. काही बोटींत पेट्रोलची टाकी, इंधनाची नळी, बॅटरीच्या वायरी किंवा स्टिअरिंगची केबल नेमकी त्याच पट्ट्यातून जाते. टाकी असेल तर ती रिकामी करणे पुरेसे नाही, कारण रिकाम्या टाकीतली वाफच पेट घेते. टाकी बाहेर काढावी, जागा मोकळी हवेशीर करावी, बॅटरी सोडवावी आणि ड्रिलच्या पात्यावर आवश्यक खोलीइतका थांबा लावावा.

कुजलेला भाग काढताना वरची कातडी दोषाच्या हद्दीच्या थोडी बाहेरून कापून अखंड उचलावी, आतील लाकूड पूर्ण खरवडावे आणि जागा खरोखर सुकू द्यावी. हे काम कोकणात पावसाळ्यात करू नये. जलक्रीडा त्या काळात बंद असते म्हणून मालक नेमका जून-जुलैचा मुहूर्त धरतात, पण त्या हवेत लाकूड सुकत नाही आणि इपॉक्सीवर (दोन घटक मिसळून कडक होणाऱ्या रेझिनवर) मेणचट थर साचतो, ज्यावर पुढचा थर चिकटत नाही. एप्रिल-मे किंवा हंगाम सुरू होण्यापूर्वीचे कोरडे ऊन हीच योग्य वेळ. पावसाळ्यात करणे भागच पडले, तर बंदिस्त शेडमध्ये करावे आणि प्रत्येक थरानंतर पृष्ठभाग साध्या पाण्याने पुसून, सुकवून, पॉलिश पेपरने घासावा.

भरावासाठी मरीन प्लाय वापरता येतो, मात्र त्याच्या सर्व बाजू आणि कडा आधी इपॉक्सीने बंद केलेल्या असाव्यात. माझी स्वतःची पसंती वेगळी आहे. खांबाच्या ठशाखाली आणि त्याच्या चहूबाजूंना हातभर जागेत लाकूड ठेवूच नये. तेथे काच-कापडाचे थर चढवून भरीव फायबरच करावे, किंवा तयार जाड फायबर बोर्ड बसवावा. खर्च वाढतो, पण त्या जागी कुजण्यासारखे काही उरत नाही. जुन्या फायबरवर डागडुजी करताना पॉलिएस्टर रेझिनपेक्षा इपॉक्सी अधिक धरते. वरची कातडी पुन्हा जोडताना तिची कड आणि भोवतीची कड, जाडीच्या सुमारे बारापट लांबीचा उतार देऊन घासावी, म्हणजे नवे थर जुन्यावर पसरून बसतात आणि सांध्यावर भेग पडत नाही. इपॉक्सीवर साधा जेलकोट (फायबर बोटीचा वरचा चकचकीत थर) नीट चढत नाही, म्हणून वरून पॉलियुरेथेन रंग द्यावा.

प्लायवूड कायम ठेवले असेल तर बोल्टांच्या भोकांकडे विशेष लक्ष द्यावे. १२ मिलिमीटरचा बोल्ट असेल तर आधी २० मिलिमीटरचे भोक पाडावे, ते सिलिका आणि बारीक काचतंतू मिसळलेल्या घट्ट इपॉक्सीने भरावे, आणि ते पूर्ण कडक झाल्यावर त्याच्या मध्यातून १२ मिलिमीटरचे भोक घ्यावे. आता बोल्ट लाकडाला कोठेच स्पर्श करत नाही, भविष्यात सीलंट सुटले तरी पाणी लाकडापर्यंत पोहोचत नाही, आणि आवळताना दाब या कडक गाभ्यावर येतो. एवढे एक काम मन लावून केले, तरी पुष्कळ बोटींची तक्रार कायमची संपते.

फ्लोअरच्या खालची प्लेट हा दुसरा महत्त्वाचा भाग आहे, आणि तो सर्वांत जास्त दुर्लक्षिला जातो. केवळ मोठे वायसर लावून भागत नाही. ६ मिलिमीटर जाडीची ॲल्युमिनियमची किंवा त्याहून जाड फायबर बोर्डाची, वरच्या प्लेटच्या निदान दुप्पट लांबी-रुंदीची, कोपरे गोल केलेली प्लेट हवी, आणि ती घट्ट इपॉक्सीच्या थरावर बसवावी, म्हणजे फ्लोअरच्या खालच्या खडबडीत पृष्ठभागाशी तिची गाठ पूर्ण पडते. शक्य असेल तर फ्लोअरखाली दोन स्ट्रिंगरांच्या (तळाला लांबीच्या दिशेने बळकटी देणाऱ्या पट्ट्यांच्या) मध्ये एक आडवा बीम फायबरने जडवून प्लेट त्याला जोडावी. खांबाचा ताण फ्लोअरच्या कातडीत न थांबता बोटीच्या सांगाड्यात उतरला पाहिजे. खाली हात जात नसेल, तर खांबाच्या शेजारी एक तपासणी झाकण कायमचे बसवावे. जो नट दिसत नाही आणि ज्याला हात लागत नाही, त्याची निगा कोणीही राखत नाही.

सीलंट म्हणून साधे सिलिकॉन वापरू नये. पॉलियुरेथेन किंवा पॉलिसल्फाइड वापरावे. भोकाच्या वरच्या तोंडाला छोटा उतार द्यावा, म्हणजे बोल्टाभोवती सीलंटचे एक जाड कडे तयार होते. प्रथम नट बेताचे आवळून सीलंट कडक होऊ द्यावे आणि दुसऱ्या दिवशी अखेरचे आवळावे. त्या वेळी बोल्टाचे डोके स्थिर धरून नट फिरवावा, अन्यथा कडक झालेले सीलंट बोल्टाबरोबर फिरून फाटते.

नट खरोखर फिरत असल्याचे रेघेवरून सिद्ध झाले असेल, तर नायलॉन कडे असलेले लॉकनट लावावेत. ते एकदा काढल्यावर पुन्हा वापरू नयेत. स्टेनलेसचे नट-बोल्ट कोरडे आणि वेगाने आवळले तर आट्यांत जॅम होतात, मग कापल्याशिवाय निघत नाहीत. म्हणून आट्यांना अँटिसीझ (आटे जॅम होऊ न देणारे वंगण) लावून सावकाश फिरवावे. सॉकेटमध्येच खडखडाट असेल तर त्याची प्लॅस्टिकची बुश झिजली आहे. ती बदलावी आणि सॉकेटच्या तळाला पाणी निघून जाण्याचे भोक आहे याची खात्री करावी.

वेल्डिंगच्या कडेला केसासारखी भेग दिसली, तर मात्र तो खांब त्या क्षणी वापरातून काढावा. भेगेवरून पुन्हा वेल्डिंग फिरवणे हा उपाय नाही, कारण भेगेचे टोक आत तसेच राहते आणि ॲल्युमिनियममध्ये वेल्डिंगच्या उष्णतेने शेजारचा धातू आणखी नरम पडतो. संशय असल्यास डाय पेनिट्रंट (भेगेत रंग शिरवून ती दाखवणाऱ्या) फवारणीने खात्री करता येते. फॅब्रिकेशनच्या कामातील लोकांना ही तपासणी परिचित असते.

मुळात कोणता खांब निवडावा

दुरुस्तीपूर्वी हा प्रश्न विचारणे आवश्यक आहे, कारण चुकीचा खांब उत्तम फ्लोअरलाही थकवतो. खास स्कीच्या इनबोर्ड (इंजिन आत असलेल्या) बोटीत खांब बोटीच्या मध्याजवळ, इंजिनाच्या पेटीपुढे आणि बुटका असतो. त्या जागेभोवतीच बोट वळते, म्हणून स्कीपटूने आडवे ओढले तरी तिची मागची बाजू फरफटत नाही. आउटबोर्ड बोटीत दोर इंजिनाच्या टोपणावरून निर्वेध गेला पाहिजे, त्यामुळे खांब तितका उंच घ्यावा लागतो. मात्र गरजेपेक्षा एक वीतही जास्त उंची घेऊ नये. टोपणावरून दोर मोकळा जाईल एवढी उंची स्कीला पुरते. दीड-दोन मीटरच्या वरचे खांब हवेत उडी घेणाऱ्या वेकबोर्डसाठी असतात, आणि त्यांना पुढे नाळेकडे (बोटीच्या पुढच्या टोकाकडे) ताणाचा पट्टा किंवा स्वतंत्र तिकाटणे लागतेच.

आपल्या उघड्या बोटींसाठी मी मागे दोन पाय असलेला तिपायी खांब सुचवीन. मधला खांब फ्लोअरवर आणि दोन नळ्या मागे पसरत ट्रान्समच्या (बोटीच्या मागच्या भिंतीच्या) दोन कोपऱ्यांकडे, अशी ही रचना असते. दोर मागे ओढतो तेव्हा या नळ्या दाबल्या जातात आणि बाजूला ओढतो तेव्हा एक दाबली जाते व दुसरी ताणली जाते. पायथ्याची पहार जवळजवळ नाहीशी होते. येथे दोन गोष्टी सांभाळाव्यात. दाब सोसणारी नळी बारीक असेल तर ती वाकते, म्हणून तेथे वायर किंवा पट्टा चालत नाही, सुमारे ४० मिलिमीटर व्यासाची नळी घ्यावी. आणि ट्रान्समचे लाकूडही फ्लोअरसारखेच कुजू शकते, तेव्हा नळ्यांचे पाय बसवण्यापूर्वी तीच ठोकून आणि भोक पाडून पाहण्याची तपासणी तेथेही करावी. नुसता एकाकी खांब आणि नाळेकडे एक पट्टा ही जोडणी मागच्या ओढीला चालते, आडव्या ओढीला तिचा उपयोग फार थोडा.

बनाना राइड किंवा बंपर राइडसाठी हा खांब वापरू नये. आपल्या किनाऱ्यांवर पुष्कळ खांब याच कारणाने निकामी होतात, म्हणून हे मी कळकळीने लिहीत आहे. स्कीवरचा माणूस ओढ वाढली की हात सोडू शकतो. हवेने फुगवलेल्या साधनावर चार-पाच माणसे असतात, दोर सैल पडतो आणि लाटेतून बाहेर येताना एकदम ताणला जातो, आणि त्या हिसक्याला सोडून देणारे कोणी नसते. अमेरिकेतील जलक्रीडा उद्योग संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांत चार जणांच्या अशा साधनासाठी दोराचा किमान तुटभार ४,१०० पौंड, म्हणजे सुमारे १,८६० किलो, सांगितला आहे. या आकड्यावरून हिसका किती मोठा गृहीत धरला जातो ते कळते. उंच खांब आणि टॉवर बनवणारे उत्पादकही फुगवलेली साधने त्यांना बांधू नयेत असेच सांगतात. बनानासाठी ट्रान्समच्या खालच्या भागातील दोन ओढकड्यांना ब्रायडल (दोन्ही कड्यांना जोडणारा दुहेरी दोर) लावावा, म्हणजे ओढ खाली आणि बोटीच्या सांगाड्यावर राहते.

धातूबाबत थोडक्यात: खाऱ्या पाण्यात ३०४ पेक्षा ३१६ स्टेनलेस घ्यावे. खांब ॲल्युमिनियमचा आणि बोल्ट स्टेनलेसचे असतील, तर त्यांच्यामध्ये नायलॉनचे वायसर आणि विलग ठेवणारी पेस्ट हवी, नाहीतर पांढरी भुकटी साचून ॲल्युमिनियम खाल्ले जाते. स्टेनलेसही ओल्या लाकडात हवेविना गाडले गेले की खड्डे पडून झिजते; जुने बोल्ट काढून मधल्या भागात निरखून पाहावेत आणि डाग असतील तर फेकून द्यावेत.

बसवल्यानंतरची चाचणी

काम पूर्ण झाल्यावर थेट पाण्यात जाऊ नये. बोट ट्रेलरवर पुढून भक्कम बांधावी, खांबाच्या माथ्याला दोर लावून तो हातविंचने एखाद्या पक्क्या आधाराकडे मागे ओढावा आणि मध्ये टांगता काटा लावावा. माथ्याशेजारी एक स्थिर पट्टी उभी करून ५०, १०० आणि १५० किलो ओढीवर माथा किती सरकतो ते लिहून ठेवावे, मग ताण सोडावा. माथा मूळ खुणेवर परत आला पाहिजे. तो परत येत नसेल तर काहीतरी दबले किंवा सरकले आहे. हीच चाचणी डाव्या आणि उजव्या बाजूला सुमारे ४५ अंशांत करावी. चाचणीच्या वेळी दोराच्या रेषेत पुढे किंवा मागे कोणी उभे राहू नये.

लिहून ठेवलेले हे आकडे पुढे फार उपयोगी पडतात. हंगामाच्या मध्यावर तीच चाचणी पुन्हा केली आणि १०० किलोला माथा आधीपेक्षा जास्त सरकला, तर डोळ्यांना भेग दिसण्याच्या कितीतरी आधी दोष पकडता येतो. रोज बोट पाण्यात घालण्यापूर्वी तांडेलाने नटांवरच्या रंगाच्या रेघा पाहाव्यात, माथ्याचा खोबणीदार गोळा दोर कापेल इतका धारदार झालेला नाही ना ते बोटाने चाचपावे, आणि संध्याकाळी खांबाचा पायथा गोड्या पाण्याने धुवावा. ओढ चालू असताना खांबाच्या मागे, दोराच्या खाली किंवा शेजारी प्रवासी बसवू नये. बैठक पुढे असावी आणि स्कीपटूकडे लक्ष ठेवणारा माणूस तोंड मागे करून खांबाच्या पुढच्या बाजूला बसावा.

दुरुस्तीनंतरही रेघा अखंड आहेत, खालची प्लेट कोरडी आहे आणि तरी माथा डुलत असेल, तर फ्लोअर आणि बोटीचे कवच यांच्यामधला स्ट्रिंगरचा सांधा सुटलेला असण्याची शक्यता असते. ते काम फायबर बोटी बांधणाऱ्या कारागिराकडेच न्यावे, आणि तोपर्यंत त्या बोटीमागे स्कीपटू नेऊ नये.